तोआ पायोहच्या उन्हात वाळणारं महाळुंग

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी, ऐन मार्च एंडच्या तोंडावर मी रजेचा अर्ज दिला. मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बँकेची तिजोरीच मागितली. "सिंगापूर? आत्ता?" म्हटलं, "साहेब, धाकटी बहीण आहे तिथं." त्यापुढचं सांगितलं नाही.

तुम्हाला सांगते, नाहीतर हा प्रवास कशासाठी होता तेच कळायचं नाही. सायली आणि तिचा नवरा निखिल तोआ पायोहला राहतात. दिवाळीच्या आधी, पाचव्या महिन्यात, सायलीचं बाळ गेलं. त्यानंतर फोनवर तिचं एकच पालुपद, "मी बरी आहे गं." मग एके दिवशी निखिलने मला परस्पर फोन केला. "ताई, ती ताटावर बसते आणि उठते. तुम्ही याल का?" खरं तर आईच जायची, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मग मीच निघाले. आमचे हे म्हणाले, "जा, मी आणि मुलं आमटी-भातावर राहू." राहिले कसले, रोज बाहेरून मागवत होते.

निघताना आईने एक पिशवी हातात दिली. अंबाबाईच्या पायाला लावून आणलेला हिरवा खण, हळकुंड, कुंकवाची पुडी आणि मूठभर तांदूळ. "नारळ तिथं मिळेल. पोरीची ओटी भरून ये. आणि तिला जेवायला घाल," म्हणाली. डोळे पुसायला म्हणून आत गेली ती रिक्षा आली तरी बाहेर आली नाही.

आता कामाचं. व्हिसा एजंटमार्फत आठवड्याभरात झाला, फार कटकट नाही. पण तुमच्या घरात कुणी प्रेमाने बॅगेत खसखस घालत असेल तर आधी ती काढा. तिकडे खसखशीला बंदी आहे, अगदी अमली पदार्थाच्या कायद्याखाली! आमच्या आईने रश्श्याच्या वाटणासाठी पाव किलो कोंबली होती. निखिलला कळल्यावर तो फोनवर जवळजवळ किंचाळला. मुंबईहून विमानाला साडेपाच तास लागतात आणि घड्याळ अडीच तास पुढे करावं लागतं. त्यामुळे तिथं पोचल्यावर पहिले दोन दिवस मी कुठल्या वेळेत होते देव जाणे.

चांगी विमानतळावर पायाखाली गालिचा आहे. चालताना आपल्याच पावलांचा आवाज येत नाही. मला तेव्हापासूनच सगळं झोपेत चालल्यासारखं वाटायला लागलं. निखिल घ्यायला आला होता. टॅक्सी नको, एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोनेच जाऊ, म्हणून मीच हट्ट केला. ताना मेराहला एकदा बदलायचं, सिटी हॉलला समोरच्याच फलाटावरून लाल लाइन पकडायची की थेट तोआ पायोह. चिनी नववर्ष सरत आलेलं, त्यामुळे स्टेशनबाहेर लाल कंदील अजून लटकत होते. निखिल बॅग ओढत पुढे आणि मी त्याच्या मागे. सरळ रस्ता सोडून तो एका इमारतीला वळसा घालून गेला. त्या इमारतीच्या पलीकडे मुलांच्या खेळायच्या जागेत मोझॅइकच्या फरश्यांचा एक भला मोठा ड्रॅगन दिसत होता. त्याच्या पाठीवरून पोरं घसरत होती.

"इकडून जवळ नाही का?" मी विचारलं.

"आहे. पण सायली त्या बाजूने जात नाही, ताई. आता मलाही तीच सवय झालीय."

सायलीने दार उघडलं, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "किती बारीक झालीस गं ताई!" मी, आणि बारीक! मी तिच्या खांद्याची हाडं माझ्या हाताला लागू दिली. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, बाहेर लांबलचक सामाईक व्हरांडा, त्यात शेजाऱ्यांच्या कुंड्या, चपला, वाळत घातलेले टॉवेल. समोर तशाच इमारती, आणि इमारतींवर दुपारच्या पावसाआधीचा तो पिवळसर उजेड. तिथं रोज दुपारी आभाळ असं भरून येतं, कोसळतं आणि तासाभरात जणू काही झालंच नाही असं ऊन पडतं. मला माझी बहीण त्या आभाळासारखी दिसली, फक्त कोसळणं बाकी असलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नको तेच केलं. थालीपीठं लावली आणि तोंडी लावायला काय आहे म्हणून फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यात आईची ओळखीची छोटी काचेची बाटली, महाळुंगाच्या लोणच्याची. आमच्याकडे पहिलटकरणीला उलट्यांवर हे लोणचं देतात, आईने गणपतीच्या सुमारास कुणाबरोबर तरी पाठवलेलं. म्हटलं, अरे वा! बाटली आणून टेबलावर सायलीच्या ताटासमोर ठेवली. झाकणाला आईने मेणाने केलेलं सीलसुद्धा तसंच होतं. सायलीने बाटलीकडे पाहिलं, हात धुतले, पर्स उचलली आणि "मला उशीर होतोय" म्हणून ऑफिसला निघून गेली. थालीपिठाचा एक घाससुद्धा मोडला नव्हता.

निखिल म्हणाला, "ती टाकवतही नाही आणि उघडवतही नाही तिला."

मी स्वतःला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. ओटीची पिशवी बॅगेच्या तळाशी होती ती मी आणखी खाली दाबली. पाच महिन्यांची रिकामी झालेली ओटी, आणि मी कुठल्या तोंडाने म्हणू की ये, पदर पसर?

पुढचे तीन-चार दिवस ती दोघं ऑफिसला आणि मी रस्त्यावर. एकट्या बाईने फिरायला यासारखं शहर नाही. बॉटॅनिक गार्डनला सकाळी लवकर जा, तिकीट नाही. झाडांखालून चालताना ओल्या मातीचा, फुलांचा, कुजलेल्या पानांचा असा काही वास येतो की आपण कुणाचे कोण हेसुद्धा विसरायला होतं. एका बाकावर मी बसल्या बसल्या डुलकी काढली, शुद्धीवर आले तर शेजारी एक घोरपड ऐटीत चालत होती. खाण्याची चिंता नको, हॉकर सेंटर म्हणजे तिथली छपराखालची खाऊगल्ली, तिथं चार-पाच डॉलरमध्ये पोट भरतं. टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर तिथं बसू नका, ती जागा धरलेली असते. मला ते माहीत नव्हतं. मी पाकीट उचलून चक्क नाक पुसलं! आणि कॅरट केकमध्ये गाजर नसतं, मुळा असतो. आम्ही कोल्हापूरकर, तिखटाशिवाय घास उतरत नाही, पण तिथली लाल चटणी मला पटली. कोपी, म्हणजे तिथली कॉफी, मागताना "ओ" म्हणाल तर बिनदुधाची येते.

अशीच एका दुपारी तोआ पायोहच्या जुन्या दुकानांच्या ओळीतून येत होते. पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्त्यातून वाफा निघत होत्या. आणि अचानक वास आला. कुठला ते आधी कळेना, पण पाय थांबले. मला एकदम नवरात्र दिसलं, देवळातली गर्दी, आईचा घट्ट धरलेला हात. एका दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बांबूची सुपासारखी टोपली होती, आणि तिच्यात गोल गोल चकत्या वाळत घातलेल्या. जाड पांढरा गर, मध्ये जेमतेम फोडी, कडेला हिरवट-तपकिरी साल. अहो, महाळुंग! आमच्या अंबाबाईच्या हातातलं फळ. ते इथं, पाचशे मैलांवर नव्हे, समुद्रापार, खुर्चीत बसून ऊन खात होतं.

आत गेले. भिंतभर लाकडी खणांचं कपाट, प्रत्येक खणावर चिनी अक्षरं, काउंटरवर पितळी पारड्याचा छोटा काटा. मागे सत्तरीचे एक अंकल, पांढरा बनियन घातलेले, रेडिओ ऐकत होते. मी बाहेर बोट दाखवून विचारलं, हे काय? "श्यांग युआन," ते म्हणाले. आणि छातीवर मूठ आपटून, "इनसाइड स्टक. ऑल्वेज साय, साय." असं म्हणून त्यांनी एक लांब सुस्कारा सोडून दाखवला. अगदी सायलीसारखा.

मी म्हटलं, द्या पाव किलो.

"फॉर हू?"

खोटं बोलले. "फॉर मी."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "यू नथिंग. ईट टू मच ओन्ली. गो वॉक." आतून त्यांची बायको खो खो हसली. मग मी खरं सांगितलं, बहिणीसाठी हवंय. अंकलनी मान हलवली. "कॅनॉट लाह. पर्सन नॉट हिअर, हाऊ आय नो?" मी पुष्कळ घासाघीस केली. भाजीवाल्याला पटवणारी बाई मी, पण हे गृहस्थ ढिम्म. ज्याचं दुखणं त्याची नाडी बघितल्याशिवाय एक चकतीसुद्धा देणार नाहीत. रीतच ती त्यांची.

माणूस घेऊन या म्हणे! जी बाई ऑफिस सोडून घराबाहेर पडत नाही तिला?

शनिवारी मी पोट धरून बसले. "सायले, गॅस झालेत बघ. खाली एक औषधवाले आहेत, पण त्यांचं इंग्रजी मला कळत नाही आणि माझं त्यांना. चल ना जरा." नाटक तिला कळलं असणार, लहानपणी शाळा बुडवायला ती हेच करायची. पण आली. माझ्यासाठी आली, स्वतःसाठी आली नसती. ड्रॅगनला वळसा घालूनच आली.

दुकानाबाहेरच्या टोपलीपाशी ती थबकली. वाकून वास घेतला. "ताई... हे महाळुंग आहे?" मी मान हलवली. तिने एक चकती उचलली आणि हातात धरूनच आत आली.

अंकलनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला स्टुलावर बसवलं आणि मनगट धरलं. डावं, मग उजवं, मग परत डावं. रेडिओवर कुणी बाई चिनी गाणं म्हणत होती आणि वर पंखा फिरत होता. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, कुणीतरी माझ्या बहिणीचा हात असाच धरून ठेवावा. मग त्यांनी डोळे उघडून विचारलं, "बेबी?"

सायली म्हणाली, "नो बेबी." आणि थोड्या वेळाने, "लास्ट इयर. फाइव्ह मंथ्स."

माझ्यासमोर तिने ते पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही एका परक्या माणसाला. अंकलनी आत हाक मारली. त्यांची बायको, आँटी म्हणू या, ओले हात पुसत आली. नवऱ्याचं ऐकून घेतलं आणि सायलीकडे वळून जरा दरडावूनच म्हणाली, "आफ्टर दॅट, यू कन्फाइनमेंट गॉट ऑर नॉट? हू कुक फॉर यू? हू टेक केअर?"

कन्फाइनमेंट म्हणजे आपलं बाळंतपण, महिनाभर घरात, उष्ण खाणं, पाण्यात हात घालायचा नाही. सायली म्हणाली, पण बाळच नव्हतं ना, मी आठवडा संपायच्या आत ऑफिसला गेले. आँटीने कपाळावर हात मारला. "नो बेबी, स्टिल मदर, व्हॉट! बॉडी डोन्ट नो." तिने समजावून सांगितलं ते असं: त्यांच्यात बाळ गेलं तरी बाईचं बाळंतपण करतातच. त्याला छोटा महिना म्हणतात. गार पाणी नाही, वारा लागू द्यायचा नाही, आईने किंवा बहिणीने करून घालायचं. एवढं बोलून आँटी माझ्याकडे वळली. "यू सिस्टर, राइट?"

आमच्याकडे त्या वेळी सगळ्यांनी एकच केलं होतं, विषय काढायचा नाही. डिंकाचे लाडू नाहीत, शेक नाही, तेल नाही. कारण ते सगळं बाळाच्या आईचं, आणि सायली आमच्या हिशेबी बाळाची आई झालीच नव्हती. आईने खण दिला तोसुद्धा पुढच्या खेपेसाठी. मला तिथं उभ्या उभ्या रडू फुटलं. सायलीला नाही, मला! आँटीने माझ्या हातात एक गोड-आंबट लाल चकती कोंबली. तिथं कडू काढ्यानंतर देतात ती. मी काढा न पिताच खाल्ली.

अंकलनी कागदाच्या पुड्या बांधल्या, लाल खारका, कसली कसली मुळं, आणि प्रत्येकीत महाळुंगाच्या दोन-तीन चकत्या.

बाहेर आल्यावर सायली म्हणाली, "तुझे गॅस?"

"गेले."

ती हसली. जरासंच. मग म्हणाली, "ताई, माझं बाळंतपण करशील?"

त्याच पावली आम्ही बस पकडून लिटल इंडियाला गेलो. तेक्का मार्केटच्या आसपास अळीव, डिंक, खारीक, सुंठ, खोबरं, सगळं मिळतं, खसखस सोडून. सोमवार-मंगळवारची तिने रजा टाकली. निखिलने नारळ खवले. हात कापून घेतला, पण खवले. त्या फ्लॅटच्या इवल्याशा न्हाणीघरात मी सायलीला तेल लावून चोळली, पाठ, पोटऱ्या, पोट. पोटावर हात गेल्यावर ती कोसळली. दुपारच्या त्या आभाळासारखी, मोठ्यांदा, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. मी चोळत राहिले आणि मीही रडत राहिले. मग कढत पाणी, मग त्या तीसएक डिग्रीच्या उकाड्यात कानाला स्कार्फ, आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेक. "ताई, उकडून मरेन मी!" "मर, पण वारा लागायला नको." तिने वाटीभर अळिवाची खीर खाल्ली आणि झोपली. संध्याकाळपर्यंत झोपली. घरभर खारकांच्या आणि महाळुंगाच्या काढ्याचा वास होता, बाहेर पाऊस पडून थांबला होता, आणि निखिल दाराशी बसून नुसता तिच्याकडे बघत होता. मीही बघत होते. मला वाटतं, त्या सहलीतलं मी पाहिलेलं सगळ्यात सुंदर काही असेल तर ती झोप.

कशाने गुण आला? मला विचारू नका, मी बँकेतली कारकून आहे. डॉक्टरांची औषधं तिची चालूच होती आणि ती चालूच ठेवावीत.

मंगळवारी सकाळी मी भाकरी थापत होते. मागे फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग झाकणाचं सील तुटल्याचा. वळून पाहिलं नाही. म्हटलं, बघशील तर बिनसेल. सायली म्हणाली, "मुरलंय छान." आणि दुसरी भाकरी मागितली.

निघायच्या दिवशी बॅग भरताना ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. "आईने ओटी पाठवलीच असेल ना? काढ." मी नको-नको म्हणत होते. "पुढच्यासाठी नको भरूस," ती म्हणाली, "जो झाला त्याच्यासाठी भर." मग मी पिशवी काढली. खण, तांदूळ, हळकुंड, बाजारातला नारळ, आणि फळ म्हणून अंकलच्या पुडीतली एक वाळकी चकती. तिने पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली. मुलगा होता, ते मला तेव्हा कळलं. स्टेशनला जाताना आम्ही ड्रॅगनच्या समोरून गेलो. सायली थोडी थांबली, मग माझी बॅग ओढत पुढे निघाली.

हे वाचून कुणी त्या दुकानाचा पत्ता विचारेल. स्टेशनपासून जुन्या दुकानांच्या ओळीत वासावर जा, सापडेल. फक्त ज्याच्यासाठी हवंय त्यालाच घेऊन जा, नाहीतर चालायला सांगून हाकलतील.

घरी पोचले तेव्हा आई गुडघ्यावर उशी घेऊन वाट बघत होती. "भरलीस ओटी?" म्हटलं, भरली. "आणि जेवते का?" मी बॅगेतून तिची लोणच्याची बाटली काढून दिली. धुऊन-पुसून लख्ख. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, तसं सायलीनेही दिलं नव्हतं. आत तिने स्वतः अंकलकडे जाऊन आणलेल्या महाळुंगाच्या वाळक्या चकत्या गच्च भरलेल्या होत्या. आईने झाकण उघडून वास घेतला. बाटली फिरवून फिरवून तळापर्यंत पाहिली.

"लोणचं?"

"संपवलं तिनं."

आईने बाटली मांडीत घेतली. मग म्हणाली, "नाव काय ठेवणार होती गं त्याचं?"

सायलीला फोन लावून मी तो आईच्या हातात दिला.